सवतीला घाम फुटला

चार दिवस गाय, म्हैस, वळू, गोठा, खातं आणि कॅन यांपैकी कशाचंही नाव काढायचं नाही, अशी शपथ माईंनी नानांना बस सुटायच्या आधीच घातली होती. शपथ घालताना त्यांनी एकेक बोट दुमडून मोजलं होतं, म्हणजे मागाहून "हे त्यात नव्हतं" म्हणायला जागा उरू नये. पस्तीस वर्षं संसार केलेली बाई फटी आधी बुजवते.

"आणि मोडली तर?" नानांनी विचारलं. सरकारी नोकरीत मुरलेला माणूस नियमाआधी शिक्षेची चौकशी करतो.

"मोडली तर मी पुढच्या बसनं परत. एकटी. आणि पुन्हा म्हणून तुमच्याबरोबर कुठं जाणार नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा नाही."

नाना हसले. माई हसल्या नाहीत. तेव्हा नानांनी हसणं आवरतं घेतलं आणि शपथ घेतली.

आता या बाईचं गाईंनी काय घोडं मारलं होतं, ते सांगायला हवं. नाना पशुसंवर्धन खात्यातून सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. एकतीस वर्षं चार महिने त्यांनी एकच काम केलं. उत्तम जातीच्या वळूंचं वीर्य बारीक कांड्यांमध्ये गोठवून यायचं. त्या कांड्या द्रव नत्राच्या कॅनमध्ये जपायच्या, कॅन मोटारसायकलला बांधून गावोगाव न्यायचा आणि गाय माजावर आली की पुढची व्यवस्था करायची. 'व्यवस्था' हा नानांचा शब्द. पाहुण्यांमध्ये ते एवढंच सांगत आणि विषय दुधावर नेत. द्रव नत्र म्हणजे आपल्या हवेतलाच नायट्रोजन, पण इतका गार केलेला की पाण्यासारखा ओतता येतो. उणे एकशे शहाण्णव अंश. हा आकडा नाना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा चटकन सांगत.

हा कॅन त्यांच्या घरी पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात राहायचा. ॲल्युमिनियमचा, पोट मोठं, मान बारीक, डोक्यावर टोपण. माई त्याला 'सवत' म्हणत, आणि हे काही लाडानं ठेवलेलं नाव नव्हतं. कॅनमधलं द्रव नत्र, म्हणजे घरच्या भाषेत 'गॅस', रोज थोडा थोडा उडतो आणि सारखा मोजावा लागतो, म्हणून घराला कुलूप लावून कुठं जाता येत नसे. माईंच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला नाना गेले नाहीत. गॅसची गाडी यायची होती. लेकीच्या शाळेच्या समारंभाला गेले ते अर्ध्यातून उठून आले. आणि मोटारसायकल! नवी कोरी मोटारसायकल दारात आली, तेव्हा माई नवं लुगडं नेसून तयार होत्या. नानांनी मागच्या सीटवर कॅन ठेवला, दोरीनं घट्ट बांधला, दोनदा हलवून पाहिला आणि निघून गेले. तेव्हापासून एकतीस वर्षं ती सीट सवतीची. माई बसनं जायच्या.

निवृत्तीच्या दिवशी कॅन खात्यात जमा झाला. आता या कोपऱ्यात शिवणयंत्र ठेवायचं, असं माई वीस वर्षं म्हणत होत्या. पण सहा महिने झाले तरी कोपरा रिकामाच होता. फरशीवर कॅनचा गोल डाग होता आणि वर भिंतीवर नानांना खात्याकडून मिळालेलं प्रशस्तिपत्र, चौकटीत बसवलेलं. 'आपल्या दक्षतेमुळे' असं त्यात लिहिलं होतं. त्या पत्राची एक निराळी हकीकत आहे. ती नाना कुणाला सांगत नसत आणि माई कुणाला विचारू देत नसत.

लेक शहरात नोकरीला होती. "या चार दिवस," ती म्हणाली, आणि बातमी आळीभर झाली. शेजाऱ्यांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. शहरातलं पाणी पिऊ नका. शहरातलं पाणीच प्या, बाटलीतलं नको. जिना चढू नका, सरकत्या जिन्याला तर हातच लावू नका. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर शहरात एकदा जाऊन आले होते, बावीस वर्षांपूर्वी, दीड दिवस. त्यामुळे त्यांचा अधिकार मोठा. त्यांनी नानांना बाजूला घेतलं.

"एक ध्यानात ठेवा. तिथं कुणी कागद भरायला दिला तर अक्षर न् अक्षर खरं लिहायचं. सगळं कॉम्प्युटरवर असतं. खोटं लिहिलं की लगेच सापडतं."

नाना म्हणाले, "मी कधी खोटं लिहिलंय का?" आणि मग का कोण जाणे, एकदम गप्प झाले.

पहिले दोन दिवस झकास गेले. म्हणजे माईंचे गेले. नाना तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते. सकाळचा चहा आला. दूध पातळ होतं. ते कुठल्या जातीच्या गाईचं असावं याबद्दल नानांचं ठाम मत होतं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. चौकात घोड्यावर बसलेल्या कुणा सेनापतीचा पुतळा होता. नानांनी हळूच विचारलं, "घोडा चालतो का?"

"घोडा यादीत नाही," माई म्हणाल्या. "पण तुम्ही घोड्यावरून गाईवर येणार. पुढं चला."

ते पुढं चालले. पण रस्ता ओलांडताना माईंनी त्यांचा हात धरला, आणि नानांना वाटलं, शपथ काही इतकी वाईट नाही.

तिसऱ्या दिवशी लेक कामावरून लवकर आली आणि दारातूनच ओरडली, "बाबा, आई, चला! सरप्राइज आहे. खास बाबांसाठी." शपथेचं तिला काहीच माहीत नव्हतं. नवरा-बायकोच्या वाटाघाटी मुलांना कळवायची आपल्याकडे पद्धत नाही, त्यातून हे असले घोळ होतात.

एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर आइस्क्रीमचं दुकान होतं. भिंती पांढऱ्याशुभ्र, एक भिंत पूर्ण आरशाची, माणसं टोकन घेऊन उभी. दारात एक ॲल्युमिनियमचा कॅन शोभेला ठेवला होता, त्यात प्लास्टिकची सूर्यफुलं. आणि आत, लांबलचक ओट्याच्या टोकाला, दिव्याच्या झोतात तसाच दुसरा उभा. पोट मोठं, मान बारीक. मोठा संरक्षक चष्मा लावलेली, कोपरापर्यंत निळे हातमोजे घातलेली एक बाई त्यातून भांड्यात धूर ओतत होती. भांड्यात दूध, साय, साखर. धूर खाली गळत होता, माणसं फोटो काढत होती, आणि मिनिटभरात आइस्क्रीम तयार होत होतं.

"बघा बाबा," लेकीनं हात पसरून सांगितलं, "कोण भेटलंय!"

नानांचा चेहरा उजळला आणि तितक्याच वेगानं विझला. त्यांनी माईंकडे पाहिलं.

माई कॅनकडे बघत होत्या. "आली का इथंही," एवढंच म्हणाल्या.

नानांनी कॅनकडे पाठ फिरवली. लेकीचं तोंड पडलं. "बाबा, तुम्हाला आवडलं नाही? मला वाटलं, तुम्ही सगळ्यांना सांगत सुटाल." आता काय बोलायचं? बोलावं तर बायको बसस्थानकावर, न बोलावं तर लेक रडकुंडीला. नानांनी मधला मार्ग काढला आणि खोकले.

इतक्यात काउंटरवरच्या बाईंनी तिघांच्या हाती एकेक छापील कागद दिला. "आइस्क्रीम खाण्यापूर्वी भरायचा फॉर्म आहे. नुसत्या खुणा करा, कुणी वाचत नाही."

कुणी वाचत नाही! नानांना हे वाक्य लागलं. एकतीस वर्षं त्यांनी फॉर्म भरले ते कुणीतरी वाचतं या श्रद्धेवर. त्यांनी खिशातलं स्वतःचं पेन काढलं, चष्मा पुसला आणि पोस्टमास्तरांचं स्मरण करून बसले.

पहिला प्रश्न: हृदयविकार आहे का? नाही. दुसरा: दात दुखतात का? नाही. तिसरा: आपला यापूर्वी द्रव नत्राशी संबंध आला आहे का? हा प्रश्न बहुधा जुनं गिऱ्हाईक ओळखण्यासाठी असावा. नानांनी रेखीव अक्षरात लिहिलं, 'होय. ३१ वर्षे ४ महिने.' चौथा: आला असल्यास कशासाठी? नानांचं पेन थांबलं. माई खांद्यावरून वाचत होत्या. खरं लिहावं तर शपथ मोडते, खोटं लिहावं तर कॉम्प्युटर पकडतो. नानांनी लिहिलं, 'सांगता येत नाही.' पाचवा: इजा झाली होती का? 'होय. डाव्या अंगठ्याचे टोक. किरकोळ.'

काउंटरवरच्या बाईंनी माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली आणि पडदा लाल झाला. त्यांनी मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर आले, जाकीट, टाय, कानात यंत्र. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला आणि आवाज खाली आणला.

"सर, सांगता येत नाही म्हणजे? आपण लष्करात होता का?"

"नाही."

"मग?"

"सरकारी काम होतं," नाना म्हणाले.

त्यानं मामला आणखी बिघडला. दारावरचा रखवालदार सहज आल्यासारखा जवळ येऊन उभा राहिला. मागच्या रांगेतले दोघे अर्धं पाऊल मागं सरकले. लेक म्हणाली, "अहो, माझे बाबा—" आणि नानांनी तिचा हात दाबला. तेव्हा रखवालदार आणखी अर्धं पाऊल पुढं आला.

"माझी हरकत नाही सर," मॅनेजर म्हणाले, "पण इजा 'होय' असेल तर डॉक्टरचं पत्र लागतं. त्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही. वरच्या मजल्यावर डॉक्टर आहेत."

नानांचा स्वाभिमान आता पेटला. ज्या माणसानं हजारो लीटर गॅस हाताळला, त्याला चमचाभर आइस्क्रीमसाठी दाखला? पण सगळी पंचक्रोशी नानांना 'डॉक्टर' म्हणत असली तरी स्वतःचा दाखला स्वतः लिहिता येत नाही. ते वर गेले. वरचे डॉक्टर दातांचे निघाले.

"अंगठा माझ्याकडे येत नाही," दंतवैद्य म्हणाले. "पण आलाच आहात तर बसा." खुर्ची मागं झुकली, दिवा लागला, तोंडात आरसा गेला. मग दंतवैद्यांनी आरामात विचारलं, "हं, द्रव नत्र. कशाला वापरायचात?" नानांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, पण तोंडात आरसा, कापूस आणि दोन बोटं असल्यामुळे त्यातलं काही बाहेर आलं नाही. शपथ वाचली. दंतवैद्यांनी लिहून दिलं: 'दात वयाच्या मानाने उत्तम. आइस्क्रीम खाण्यास हरकत नाही.'

खाली येईपर्यंत टोकनचा नंबर निघून गेला होता. नवं टोकन, त्यासाठी नवा फॉर्म. या वेळी लेकीनं भरला आणि नानांना पेनाला हात लावू दिला नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे, मिळालं ते टेबल नेमकं ओट्याला लागून, कॅनपासून चार हातांवर. नाना निश्चयानं कॅनकडे पाठ करून बसले. समोर आरशाची भिंत होती. आरशात कॅन, पूर्ण.

नानांनी डोळे मिटले. उघडले. आणि मग त्यांना ते दिसलं.

कॅनच्या पोटावर बर्फाची बारीक पांढरी खरड धरली होती. मानेशी नव्हे, मानेशी धरते, ओतताना थोडं होतंच. ही खाली, पोटावर होती, आणि तिच्या कडेनं पाण्याचे थेंब ओघळत होते. हा कॅन म्हणजे मोठा थर्मासच. दोन भिंती, मधली हवा काढून घेतलेली. ती मधली पोकळी शाबूत असेल तोवर बाहेरचा पत्रा कोरडा ठणठणीत. पत्र्याला घाम फुटला की समजावं, पोकळीत हवा शिरली, कॅन गेला. मग दीड-दोन महिने टिकणारा गॅस तासातासाला उडायला लागतो.

नाना खुर्चीत चुळबुळले. यादीत कॅन होता. सहावं बोट. माईंनी दुसऱ्या हाताचा अंगठा दुमडला होता, तो त्यांना लख्ख आठवत होता.

त्याच वेळी मॅनेजर ओट्याशी आले, त्यांनी कॅन हलवून पाहिला आणि चष्मावाल्या बाईवर घसरले. "सकाळी भरून आला होता! आणि आत्ता तळ लागतोय? ओततेस का सांडतेस? परवाही हेच. मालकांना मी काय तोंड दाखवू? उद्यापासून तू दुसरीकडं काम बघ."

"नाही हो सर, मी मापानंच घेते," ती म्हणाली. तिचा चष्मा धुक्यानं भरला होता. तो धूर कॅनचा नव्हता.

नाना उठले. माईंकडे न बघताच उठले. "जरा ऐकता का? तुमच्या त्या... त्या भांड्याला बाहेरून खरड धरलीय."

"गार आहे काका, धरणारच."

"पोटावर धरायला नको. मी... कुठंतरी वाचलंय."

मॅनेजर हसले. लहान मुलाकडं बघून हसतात तसं हसले. "काका, हे सायन्स आहे. तुम्ही बसा. आइस्क्रीम एन्जॉय करा."

वळूंच्या पन्नास पिढ्या आणि गाईंच्या त्याहून जास्त सांभाळलेल्या माणसाला कुणीतरी सायन्स शिकवत होतं. नाना बसले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी काही बोललो नाही," ते माईंना म्हणाले. "भांडं म्हणालो. कॅन नाही म्हणालो."

माई आरशात बघत नव्हत्या. सरळ कॅनकडे बघत होत्या.

मॅनेजरनी मग शहाणपणाचा कळस केला. "गॅस उडतोय ना? मग तोंड बंद करा," म्हणाले, आणि टोपणाभोवती ओलं फडकं गच्च कोंबून वरून दाबायला लागले. टोपण सैल असतं ते वाफ बाहेर जावी म्हणून. ते घट्ट बसवणं म्हणजे उकळत्या कुकरची शिट्टी बोटानं दाबून धरण्यासारखं. नाना ओरडणार, तेवढ्यात शेजारची खुर्ची जोरात मागं सरकली.

"हात काढा!"

अख्खं दुकान थांबलं. माई ओट्याच्या पलीकडे पोचल्या होत्या. त्यांनी मॅनेजरचा हात बाजूला केला, फडकं उपटून फेकलं, आणि वाफेचा लोट भुस्सकन वर गेला. "तोंड बांधताय? फुटेल की! आणि दारं उघडा सगळी. खिडक्या पण. एवढा गॅस खोलीत कोंडलात तर माणसं चक्कर येऊन पडतील."

"काकू, हे—"

"सायन्स आहे, ऐकलं मी." माईंनी ओट्यावरची एक लाकडी पट्टी उचलली, कॅनमध्ये सरळ तळापर्यंत घातली, मनात दहा अंक मोजले, बाहेर काढून हवेत हलवली. पट्टीवर पांढरी रेघ उमटली. "वीतभर राहिलाय. या पोरीनं सांडलेला नाही. तुमच्या कॅनला घाम आलाय, दिसत नाही का? तो मेलाय. तिच्यावर कशाला ओरडता?"

नाना तोंड उघडं टाकून बघत होते.

"अहो, बघत काय बसलात?" माईंनी हाक मारली. "दारातला तो फुलंवाला आणा."

"अगं, पण शपथ—"

"शपथ तुम्ही घेतलीय. मी कुठं घेतलीय? आणा लवकर, उडतोय."

पुढची दहा मिनिटं त्या दुकानात जे चाललं, ते बघायला रस्त्यावरची माणसं काचेला नाक लावून उभी राहिली. नानांनी शोभेचा कॅन आणला. तो नवाच होता, दोन आले म्हणून एक फुलांना दिलेला. माईंनी सूर्यफुलं काढून मॅनेजरच्या हातात दिली, कॅन पालथा केला, आत सुकं फडकं फिरवलं. चष्मावाल्या बाईनं हातमोजे आणि चष्मा काढून नानांना चढवला. "आधी थोडा," माई म्हणाल्या, आणि नाना म्हणाले, "माहितेय मला." नाना थोडा ओतत, आत खळखळ उसळे, ते थांबत, पुन्हा ओतत. माई दर वेळी तळहाताच्या मागच्या बाजूनं बाहेरचा पत्रा चाचपत. "कोरडा... कोरडा... ओता आता." शेवटचा थेंब पडला, माईंनी जुन्या कॅनचं टोपण वर सैलसर ठेवलं आणि पदराला हात पुसले. टाळ्या वाजल्या. मॅनेजर सूर्यफुलं घेऊन तसेच उभे होते.

"काका," ते नानांना म्हणाले, आवाज पार बदललेला. "कमाल आहे तुमची. अनुभवाची गोष्टच वेगळी."

इथं नानांना सगळं सोपं होतं. मान हलवायची आणि कौतुक खिशात घालायचं. असं त्यांनी एकदा केलंही होतं. सोळा वर्षांपूर्वी नाना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले होते. पहाटे झाडताना माईंना कॅनचा पत्रा ओला लागला. त्यांनी जुना रिकामा कॅन माळ्यावरून एकटीनं उतरवला, थोडा थोडा गार केला आणि गॅस आणि त्यातल्या चारशे कांड्या एकाही कांडीचं नुकसान न होता हलवल्या. त्या गारव्यानं बोटं भाजली ती आठ दिवस कुणाला दाखवली नाहीत. खात्याला अहवाल गेला: 'कॅन निकामी झाल्याचे वेळीच लक्षात आल्याने साठा सुरक्षित हलवला.' कुणाच्या लक्षात आलं, ते नानांनी लिहिलं नाही. घरची बाई सरकारी कॅनला हात लावते, हे कागदावर कसं आणायचं? मग पत्र आलं, चौकट आली, खिळा ठोकला. खिळा माईंनीच धरला होता.

"माझी नाही," नाना म्हणाले. मग मोठ्यांदा म्हणाले, "कमाल हिची आहे. आत्ताही हिनंच केलं आणि सोळा वर्षांपूर्वीही हिनंच. शाबासकी मात्र मी घेतली. माझ्या नावाचं पत्र आहे घरी, ते खरं हिचं आहे."

माईंनी चटकन मान खाली घातली. लेक आईकडे बघत राहिली; तिलाही ही गोष्ट आजच कळत होती.

"पण घरी?" मॅनेजर गोंधळले. "घरी द्रव नत्र कशाला होतं?"

नानांनी माईंकडे पाहिलं. परवानगी मागणारं असं पाहणं माईंनी पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"सांगा आता," माई म्हणाल्या. "तीन दिवस तुंबलायत तुम्ही. सांगा, नाहीतर तुमच्याही पोटावर खरड धरेल."

आणि नाना सुटले. त्यांनी गाईपासून सुरुवात केली. माज म्हणजे काय, वळू निवडतात कसे, त्याचं वीर्य घेतात कसं, कांडीत भरतात कसं, आणि ती कांडी कशात ठेवतात. "ह्याच्यात!" त्यांनी कॅनवर प्रेमानं थाप मारली. लोक रंगून ऐकत होते. मग एका कोपऱ्यातला चमचा अर्ध्या वाटेत थांबला. मग दुसरा. एक बाई बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हणजे... ह्याच्यातच?"

"ह्यात नव्हे हो, ह्याच्यासारख्यात," नानांनी धीर दिला. तो कुणाला मिळाला नाही. सगळ्या दुकानात वाट्या हळूच टेबलांवर उतरल्या. मॅनेजरनी हात जोडले. "काका, तुमचे फार उपकार आहेत. फक्त आता थांबा."

चष्मावाल्या बाईनं तोवर माईंसाठी स्वतःच्या हातानं आइस्क्रीम केलं होतं, काठोकाठ वाटी भरून. सबंध दुकानात एकट्या माई खात होत्या. सावकाश, चवीनं, शेवटपर्यंत. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"कसं आहे गं आई?" लेकीनं विचारलं.

"बरं आहे," माई चमचा पुसत म्हणाल्या. "पण एवढ्या गॅसमध्ये चाळीस गाई झाल्या असत्या."

निघताना मॅनेजर दारापर्यंत आले. चष्मावाल्या बाईची नोकरी शाबूत होती. एवढंच नव्हे, पट्टी घालून गॅस मोजायचं काम आता तिच्याकडे दिलं होतं. "काकू, तुम्हाला काय देऊ?" त्यांनी विचारलं.

माईंनी ओट्याखाली सरकवलेल्या निकामी कॅनकडे बोट दाखवलं. "तो टाकूनच देणार ना? मग द्या."

"अगं," नाना चकित झाले, "त्याचा आता काही उपयोग नाही. आणि तूच तर सवत, सवत म्हणून—"

"तुम्हाला काय कळतंय," माई म्हणाल्या. "कोपरा किती भकास दिसतो. शिवणयंत्र तीनदा बघून आले मी दुकानात. नाही आणवलं." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. आइस्क्रीम फारच गार होतं, असं त्या नंतर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची बस. वाहकानं कॅन पाहून कपाळाला आठ्या घातल्या. हे सामान का प्रवासी, यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी नाना कॅन कवटाळून आत शिरले. आपली दोन आसनांची जागा शोधली, खिडकीत बसले, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं कॅन शेजारच्या आसनावर ठेवून त्याला एका हातानं घट्ट धरलं. दोनदा हलवून पाहिला. पक्का होता.

माई दोन पिशव्या घेऊन वाटेत उभ्या होत्या. त्यांनी कॅनकडे पाहिलं, मग नानांकडे.

"तिला खाली पायाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "शेजारी मी बसणार आहे."

नानांनी कॅन खाली ठेवला. माई बसल्या, पिशव्या मांडीवर घेतल्या. बस सुटताना धक्का बसला तसा नानांचा हात आपोआप शेजारी गेला, सामान सांभाळायला. तो माईंनी धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.